बर्फगाडीचं स्टिअरिंग

अनुसयाअक्का रोज सकाळी साडेसहाला दूध आणायला निघत आणि वाटेत उभ्या असलेल्या प्रत्येक ट्रकच्या केबिनमध्ये टाचा उंचावून डोकावत. स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे, ते बघत. ते उजव्या बाजूलाच असे. आपल्याकडे दुसरीकडे कुठे असणार? तरी त्या बघत, पदर सारखा करत आणि पुढच्या ट्रककडे जात. विद्यानगरच्या कोपऱ्यावर मुक्काम करणाऱ्या ड्रायव्हरांना हे सवयीचं झालं होतं.

"काय अक्का, आज तरी घेताय का गाडी?" एखादा तोंडात ब्रश धरून विचारी.

"गाडी पसंत आहे रे. तुझं तोंड बघितलं की मन फिरतं."

मी दोन वर्षं त्यांच्या घरी वरच्या खोलीत राहत होते. अक्का एकाहत्तर वर्षांच्या. हुबळीतल्या एका मराठी शाळेत चौतीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. मी एम.ए. झाले आहे हे कळल्यावर त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला होता, "इंग्रजी पत्र लिहिता येतं का, उत्तरा? ट्रकविषयी?"

त्यांना एका ट्रकचा इतिहास शोधायचा होता.

तो ट्रक साधा नव्हता. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेतून आलेला, लढाई संपल्यावर लिलावात निघालेला. अमेरिकेतला म्हणून त्याचं स्टिअरिंग डाव्या हाताला. हुबळीत बर्फाचा कारखाना चालवणाऱ्या विठ्ठलरावांनी तो घेतला आणि मागे दुहेरी फळ्यांची लाकडी पेटी बांधून घेतली. दोन फळ्यांच्या मध्ये लाकडाचा भुसा दाबून भरलेला. सकाळी हुबळीत बर्फाच्या लाद्या चढवायच्या, धारवाडच्या सोडावाल्यांना, दवाखान्यांना, लग्नघरांना देत देत अळनावरपर्यंत जायचं, आणि संध्याकाळी परत येताना तिथल्या लाकडाच्या वखारींमधून भुशाची पोती आणायची. लोक त्याला बर्फगाडी म्हणत. तसा ट्रक त्या रस्त्यावर दुसरा नव्हता. अक्कांचे वडील, गोपाळ, तो चालवत.

बासष्ट सालच्या मे महिन्यात, दिवेलागणीला, रायापूरजवळ बर्फगाडीने रस्त्याच्या कामावरच्या एका मजुराला उडवलं. गाडी थांबली नाही. मजुराची बायको, गोदावरी, डोक्यावर बुट्टी घेऊन त्याच्या मागून चालत होती. तिने कोर्टात सांगितलं, उजव्या खिडकीतला माणूस गाडी चालवत होता, आणि गोपाळकडे बोट केलं.

गोपाळ म्हणाले, उजवीकडे मीच होतो. पण स्टिअरिंग तेव्हा डावीकडे होतं आणि त्याच्यावर मालकांचा भाचा बसला होता. पोलिसांनी चार दिवसांनी गाडी ताब्यात घेतली तेव्हा स्टिअरिंग उजवीकडे होतं. ते याच चार दिवसांत मालकांनी कमरीपेठेतल्या इराप्पा कम्मार या लोहाराकडून हलवून घेतलं, असं गोपाळांचं म्हणणं. इराप्पा म्हणाला, हलवलं मीच, पण आधीच्या दसऱ्याला. कोर्टाने गोदावरीचं आणि इराप्पाचं खरं मानलं. गोपाळ दोन वर्षं तुरुंगात होते.

सुटून आल्यावर त्यांना कुणी गाडी दिली नाही. ते गोणपाट टाकलेली बर्फाची हातगाडी ओढत. अक्का सतरा वर्षांच्या असताना ते गेले. तोवर जेवायला बसले की एकदा तरी म्हणत, "मी उजवीकडे बसलो होतो, पोरी. नुसता बसलो होतो."

या वाक्यावर अक्कांनी आयुष्य काढलं. एक स्थळ त्या निकालापायी मोडलं. दुसरं त्यांनी स्वतः मोडलं, कारण मुलगा चांगुलपणाने म्हणाला, झालं गेलं विसरून जाऊ. स्टिअरिंग कधी हलवलं, याचं उत्तर मिळालं की वडील खरे ठरतील, एवढं एक त्यांनी मनाशी धरलं होतं. सुट्टीच्या दिवशी त्या सरकारी कार्यालयांत जात. बासष्टची रजिस्टरं नियमाप्रमाणे केव्हाच नष्ट केलेली होती. एका कारकुनाने त्यांना विचारलं होतं म्हणे, "बाई, हा ट्रक तुम्हाला लग्नात आला होता काय?"

"याच्यापायी लग्नच आलं नाही," अक्का म्हणाल्या, आणि कारकुनाने निमूट कपाट उघडलं.

जाड पुठ्ठ्याच्या वहीत त्यांनी गाडीचा सगळा प्रवास उतरवला होता. खटल्यानंतर विठ्ठलरावांनी ती विकली. मग कारवारला मासळी, ब्याडगीला मिरची, गदगला सरकी. तिथून पुढे माग तुटला होता. प्रत्येक मालकाच्या घरी त्या जाऊन आल्या होत्या. कुणाच्या सुनेने चहा दिला, कुणाच्या नातवाने फाटकातूनच वाटेला लावलं. चासीचा नंबर कोर्टाच्या कागदात होता; त्यावरून अमेरिकेतल्या जुन्या ट्रकांच्या एका हौशी म्हाताऱ्याने मला ईमेलने कळवलं की गाडी चव्वेचाळीसच्या मार्चमध्ये कारखान्यातून बाहेर पडली, रंग हिरवा. अक्कांनी ते ईमेल तीनदा वाचून घेतलं. आपल्या वडिलांचा जन्म कुठल्या महिन्यातला, ते मात्र त्यांना माहीत नव्हतं.

कमरीपेठेत त्या पाऊल टाकत नसत. विळीला धार लावायलासुद्धा दुसरीकडे जात. "इराप्पाचं कुणी असेल तर?" असं मी विचारलं तेव्हा आठवडाभर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मग एका सकाळी इस्त्रीची साडी नेसून जिन्याखाली उभ्या राहिल्या. "चल. त्या खोटारड्याची पेठ बघून येऊ."

इराप्पाचा नातू नागेश त्याच जागेत वेल्डिंगचं दुकान चालवत होता. चाळिशीचा, जाड भुवयांचा. अक्कांनी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, "तुमचे आजोबा कोर्टात खोटं बोलले, असं माझं म्हणणं आहे. मला चहा नको."

"चहा मी कुठं विचारला, अक्का?" नागेश म्हणाला. मग त्याने स्टूल पुसून पुढे सरकवलं.

सगळं ऐकून घेतल्यावर तो बराच वेळ हातातला चष्मा उलटसुलट करत राहिला. "आमच्यात कागद नसतो बघा. पण एक असतं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की आजोबा पहिला घाव घालायचे तो त्या दसऱ्याला हातात असलेल्या कामावर. आपलं चिन्ह आणि साल, ठशांनी ठोकायचे. वर्षातून तेवढा एकच दिवस. इतर दिवशी साल ठोकायचं नाही, हात झडतो म्हणायचे. आम्ही अजून पाळतो."

"म्हणजे?"

"म्हणजे स्टिअरिंग खरंच दसऱ्याला हलवलं असलं, तर डावीकडचं भोक बुजवलेल्या पत्र्यावर साल असणार. मे महिन्यात घाईने हलवलं असलं, तर पत्रा कोरा. गाडी मिळाली तर दोन मिनिटांत कळेल."

अक्का स्टुलावरून उठल्या. "कोराच असणार," त्या म्हणाल्या.

"असू दे की. मग मी तुमच्या पाया पडेन."

"आणि नसला तर?"

नागेशने चष्मा डोळ्यांवर चढवला. त्या दिवशी परत येताना रिक्षात अक्का खूप बोलल्या. शाळेतल्या गमती, कोण मुलगा पाटी कशी चाटायचा, सगळं. मी त्यांना इतकं बोलताना आधी ऐकलं नव्हतं.

गाडी नागेशनेच शोधली. तीन महिन्यांनी त्याचा फोन आला. रायापूरला एका बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मागे होती. मागची पेटी नाही, चाकं नाहीत, नुसती केबिन आणि चासी, चिंचेखाली बसलेली. भंगारवाल्याने सौदा केला होता. शुक्रवारी गॅस कटर येणार होता. फोन आला तो दिवस बुधवार.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघं गेलो. दव अजून वाळलं नव्हतं. केबिनमध्ये घाणेरी वाढली होती आणि डावीकडच्या दारातून आत आलेली वेल उजवीकडून बाहेर पडली होती. अक्का जवळ गेल्या नाहीत. आधी लांबून सबंध गाडीभोवती फिरल्या, एखादं आजारी जनावर बघावं तशा. मग चासीवरचा नंबर मी वाचला, त्यांनी वहीत बघितला. तीच गाडी.

नागेशने कोयत्याने झुडूप तोडलं, आत वाकला आणि इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीवर डावीकडे हात फिरवला. "इथं आहे. गोल तुकडा बसवलाय."

त्याने रॉकेल टाकून वायरब्रश चालवायला सुरुवात केली. वरचा रंग विटकरी होता. त्याच्याखाली निळा निघाला. निळ्याखाली पिवळा. अक्का प्रत्येक रंगाला हळूच मालकाचं नाव सांगत होत्या, "हा भट्टीवाल्यांचा... हा गदगचा... ब्याडगीवाल्यांनी रंग दिलाच नाही... हा कारवारचा." मग पांढरा आला.

"हा आमचा," त्या म्हणाल्या. "बर्फाचा."

ब्रशचा आवाज थांबला. नागेश तसाच पाठमोरा वाकून राहिला होता. मी त्याच्या खांद्यावरून बघितलं. पत्र्यावर एक छोटा ऐरणीचा आकार होता आणि त्याच्याखाली कन्नड आकडे. एकसष्ट.

"काय आहे रे?" अक्कांनी विचारलं.

"गंज आहे, अक्का. वाचता येत नाही नीट."

"सरक."

त्यांनी पायरीवर पाय ठेवला, मी दंड धरला. चष्मा न लावता त्यांनी बोट त्या पत्र्यावर टेकवलं आणि आकड्यांवरून फिरवलं, पहिलीच्या मुलांना गिरवायला लावतात तसं. सहा. एक. मग पुन्हा सहा, एक. चिंचेची वाळकी पानं त्यांच्या पाठीवर पडत होती.

"तुझ्या आजोबांनी पूजेच्या दिवशी चुकीचं साल ठोकलं असेल का, नागेश?"

"नाही, अक्का."

"दुसऱ्या कुणी ठोकलं असेल?"

"ठसा त्यांचा आहे. अजून पेटीत आहे माझ्या." मग तो खाली बघत म्हणाला, "ग्राइंडर आणलाय मी. रस्त्यावरच्या सायकलवाल्याच्या दुकानातून वायर ओढता येईल. एक मिनिटाचं काम आहे. आपण तिघंच आहोत. उद्या नाहीतरी कापणारच आहेत."

मला वाटलं, त्या हो म्हणतील. त्यांचा हात अजून पत्र्यावर होता. म्हणजे बासष्टच्या मे महिन्यात, रायापूरला, उजव्या खिडकीशी बसलेल्या माणसाच्याच हातात स्टिअरिंग होतं. ते सात महिन्यांपूर्वीच हलवलेलं होतं. रोज ही गाडी चालवणाऱ्या माणसाला ते माहीत नसणं शक्यच नव्हतं.

"नको," अक्का म्हणाल्या. "ते तुझ्या आजोबांचं आहे." मग खाली उतरून म्हणाल्या, "मी साठ वर्षं त्यांना खोटारडा म्हणत आले. शाळेत, शेजारी, जो विचारेल त्याला. तुला राग असेल."

"आजोबा कधी त्याविषयी बोलले नाहीत," नागेश म्हणाला. "फक्त त्या खटल्यानंतर कुणाचं स्टिअरिंग हलवून द्यायचं काम घेतलं नाही. घरात सगळ्यांना वाटायचं, डोळे कमी आले म्हणून."

तो फोटो काढू का म्हणाला. अक्कांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. त्याने काढला नाही.

त्यानंतर दहा-बारा दिवस त्या घराबाहेर पडल्या नाहीत. दूध मी आणत होते. स्वयंपाक करत, कपडे वाळत घालत, मी विचारलेल्या गोष्टींची उत्तरं देत. एकदाच, तांदूळ निवडताना, आपणहून म्हणाल्या, "नुसता बसलो होतो म्हणायचे. जेवताना. माझ्या डोळ्यांत बघून म्हणायचे गं."

मग एका दुपारी त्यांनी वही काढली. त्यात 'साक्षीदार' असं एक पान होतं. गोदावरीचा पत्ता चाळीस वर्षांपूर्वीच मिळवून लिहिलेला, अळनावरजवळच्या एका खेड्यातला. तिथे त्या कधी गेल्या नव्हत्या. "मेली असेल," त्या म्हणाल्या. "तरी दाराशी जाऊन सांगून येते."

गोदावरी जिवंत होती. चौऱ्याऐंशीची. अंगणात गोधडीवर बसून चिंचोके फोडत होती. तिची सून सविता आम्हाला तिच्याजवळ घेऊन गेली आणि तिच्या कानाशी ओरडली, "आत्याबाई, हुबळीच्या बाई आल्यात. बर्फगाडीवाल्या गोपाळची लेक म्हणत्यात."

म्हातारीने वर बघितलं. तिला ऐकू कमी येत असलं तरी नजर साफ होती. "आलीस व्हय," ती म्हणाली. "बस."

अक्का जमिनीवर बसल्या. आदल्या रात्री काय बोलायचं ते त्यांनी माझ्यासमोर दोनदा म्हणून बघितलं होतं. आता त्यातलं काही निघेना. "तुम्ही कोर्टात खरं सांगितलंत," एवढंच म्हणाल्या.

"मग? खोटं कशापायी सांगू?" म्हातारीने एक चिंचोका फोडला. "समोरनं आली गाडी. एका हातानं तोंड पुसत हुता पंच्यानं. बगितलंन माझ्याकडं. मग गेला. पोती फाटली हुती वाटतं, मागनं निस्ता भुसा उडला. आमच्या धन्याच्या अंगावर, तोंडावर. म्या भुसा झाडत बसलो, म्हटलं डोळ्यात जाईल."

सविता आत निघून गेली.

"माझी आई तुमच्याकडे आली होती," अक्का म्हणाल्या. "तुम्हाला नाही नाही ते बोलली. मीही होते."

"हुतीस की. चिटाचा झगा हुता. माझ्या पोराच्या हातातली भाकरी पाडलीस अन् त्याच्यावर पाय दिलास. दीड वर्साचं हुतं ते."

अक्कांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. त्या मान खाली घालून म्हणाल्या, "आठवतं."

मग अक्का म्हणाल्या, "मला काहीतरी बोला. शिव्या द्या. मी त्यासाठीच आले."

"तुला काय बोलू? तुझा बाप बोलून गेला सगळं."

अक्कांनी वर बघितलं.

"तुरुंगातनं सुटला तवा आलता. हितंच, तू बसलीस तितं बसला. पाय धरलं माझं. म्हनला, म्याच हुतो. घाबरलो म्हनला. म्या म्हटलं, जा मग सांग जा लोकास्नी. तर म्हनला, लोकाचं काय न्हाई, घरात पोरगी हाय, ती एकटीच खरं मानती माझं. तिला तेवढं सांगू नगंस." म्हातारीने फोडलेले चिंचोके सुपात सारले. "मग न्हाई सांगितलं म्या. मला काय तुझा पुळका नव्हता, बाई. पन पोराच्या जातीला कशाला, म्हटलं."

अक्का रडल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला, सुपाजवळचा दगड उचलला आणि चिंचोके फोडायला लागल्या. म्हातारी त्यांना म्हणाली, "आडवा धर. बोट फुटंल." त्या आडवा धरायला लागल्या. चारची बस चुकली. आम्ही पाचच्या बसने आलो. बसमध्ये त्या खिडकीला डोकं टेकून होत्या. धारवाड आल्यावर म्हणाल्या, "मला सांगायला हवं होतं त्यांनी. मी सोळा-सतरा वर्षांची झाले होते."

गाडी शुक्रवारीच कापली गेली होती. नागेशने तो गोल तुकडा भंगारवाल्याकडून मागून घेतला आणि दुकानात आजोबांच्या ठशांच्या पेटीत ठेवला. अक्कांना दाखवायला बोलावलं, त्या गेल्या नाहीत. वही त्यांनी मला दिली. "तुझ्या अभ्यासाच्या कागदांत ठेव," म्हणाल्या. "माझ्या हाताशी नको."

दर गुरुवारी त्या गोदावरीकडे जाऊ लागल्या. मी एकदाच बरोबर गेले. फार बोलणं होत नसे. म्हातारीचे पाय सुजत. अक्का तेल घेऊन जात. गावातल्या कुणी विचारलं तर सविता सांगे, "आत्याबाईंच्या वळखीच्या हायत, हुबळीच्या." एकदा म्हातारीने तिखट लागतं म्हणून अक्कांनी नेलेलं लोणचं परत पाठवलं. ते त्यांनी मला खाऊ घातलं आणि बराच वेळ एकट्याच हसत राहिल्या.

सहाव्या गुरुवारी अळनावरच्या बसमध्ये, खिडकीशी बसल्या जागीच, त्यांचं हृदय बंद पडलं. शेजारच्या बाईला वाटलं, झोप लागली असेल. कंडक्टरने अळनावरला हाका मारल्या तेव्हा कळलं. पिशवीतल्या तेलाच्या बाटलीवरून त्याने ओळखलं, या दर गुरुवारी कुठे जातात ते, आणि विचारत विचारत बातमी आधी त्या खेड्यात सविताकडे पोचली आणि तिथून माझ्याकडे. नागेश गाडी घेऊन आला. गोदावरीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली म्हणे, "आज उशीर झाला म्हटलं."

त्या दिवशी निघताना अक्का जिन्याखाली थांबल्या होत्या. मी वर टेबलाशी होते, कामात. मी वळून बघितलं नाही, नुसतं "हं" म्हटलं. त्या म्हणाल्या, "उत्तरा, अकराला पाणी येणार आहे. मोठं पिंप भरून घे, आणि गच्चीचा नळ बंद कर आठवणीने. मी चारच्या बसने येते."